मदत हवी आहे: विंडोज १० वरचं युजर खातं उडालं, जॅकार्ड डिझाइनच्या फाइली परत मिळतील का?

मंडळी, फोनवरून लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

सोलापुरात पूर्व भागात आमचा टॉवेल-चादरीचा छोटा कारखाना आहे. ऑफिसातला डेस्कटॉप जुना, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क, एसएसडी नाही. मशीन रखडतंय म्हणून बोलावलेल्या माणसाने, कुणाला न विचारता, सेटिंग्जमध्ये जाऊन ‘डिलीट अकाउंट अँड डेटा’ दाबलं. ते खातं आमच्या डिझाइनवाल्या काकांचं! डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, सगळं साफ. रीसायकल बिनमध्ये काही नाही. वनड्राइव्ह जोडलेलं नव्हतं. टॅलीचा डेटा डी ड्राइव्हवर होता म्हणून वाचला.

गेल्या त्या जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या, डिझाइनच्या बीएमपी (चित्रांच्या) फाइली. व्यापाऱ्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेले फोटो आहेत, पण त्यांचा मागाला उपयोग शून्य. बीएमपीत एक रंग म्हणजे एक वीण. जेपीईजी (दाबून लहान केलेला फोटो) झालं की कडेकडेने भलत्याच छटा उमटतात, मग मशीनने काय विणायचं?

कळल्याबरोबर प्लग काढला. आता दुकानदार म्हणतो, चालू करा, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर टाकून देतो. पण त्याच सी ड्राइव्हवर टाकलं तर ते गेलेल्या फाइलींच्या जागेवरच बसणार ना? आणि फाइलींची नावं परत येतात का? नावातच डिझाइन नंबर आहेत ओ.

नटबोल्ट: दुकानदाराला हात लावू देऊ नका. नुसतं विंडोज चालू राहिलं तरी ते मागे काहीतरी लिहीत असतं. डिस्क काढून सॅटा-यूएसबी केबलने दुसऱ्या मशीनला लावा, आधी सेक्टर टू सेक्टर क्लोन (अख्ख्या डिस्कची तंतोतंत नक्कल) घ्या आणि सगळे प्रयोग क्लोनवर. मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरी फुकट आहे, सापडलेल्या फाइली वेगळ्या ड्राइव्हवर घेतं. एमएफटीत (डिस्कवरची फाइलींची यादी) नोंद शिल्लक असेल तर नावासकट येतील. नसेल तर फोटोरेक हे दुसरं रिकव्हरी सॉफ्टवेअर. बीएमपीच्या सुरुवातीलाच खूण आणि फाइलची लांबी असते, त्यामुळे सापडायला सोपी, पण नावं जातात. डिस्कवर तुकड्यांत पडलेली फाइल मात्र अर्धी बरी, पुढे विस्कटलेली निघते. एसएसडी असती तर ट्रिममुळे (डिलीट केलेल्या फाइलींची जागा डिस्क स्वतःच पुसते) बहुतेक हात टेकावे लागले असते.

ताणाबाणा: इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड असेल तर कंट्रोलर आणि मागाचा पेन ड्राइव्ह आधी बघा की. चालू डिझाइनं तिथं असतील. त्या फाइली मागाच्या फॉरमॅटमध्ये असतात, पण नंबर तरी जुळवता येतील.

धागाकर्ता: हे डोक्यातच आलं नव्हतं. दोन माग इलेक्ट्रॉनिक आहेत, उद्या बघतो. बाकीच्यांची पंचकार्डं (भोकं पाडलेली डिझाइनची कार्डं) आहेतच. क्लोनसाठी १ टीबीची डिस्क चालेल ना? केबल नवी पेठेत बघतो.

नटबोल्ट: चालेल. मूळ डिस्कपेक्षा लहान नको, एवढंच. आणि क्लोन करताना कुठली डिस्क कुठून कुठे, हे दोनदा वाचून मगच एंटर दाबा. उलटं झालं तर आहे तेही जाईल.