द्राक्षांच्या पेटीतला तो पांढरा कागद

दोन_मुलांची_आई (पुणे)

परवा ह्यांनी हौसेने पाच किलोची द्राक्षांची पेटी आणली. ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीने, "एक्स्पोर्टचा माल, निम्म्या भावात". निम्म्या भावात म्हटलं की आमच्या घरी पुढचं काही विचारायची पद्धत नाही. पेटी ओट्यावर ठेवून मी आतली प्लॅस्टिकची पिशवी उलगडली, तर आगपेटीच्या दहा काड्या एकदम नाकाशी ओढाव्यात तसा भपकारा आला. डोळ्यांतून पाणीच आलं. वर एक पांढरा कागद, चौकोनी खण पाडलेला, खणाखणात पावडर. त्यावर इंग्रजीत लिहिलंय, खाऊ नका, फाडू नका. धाकटा (वय ७, बालदमा) नेमका शेजारी उभा. खोकला सुरू झाला तो थांबेना, शेवटी पंप द्यावा लागला.

आता पेटी गॅलरीत आहे. द्राक्षं दिसायला झकास, फक्त काही मण्यांना देठापाशी पांढरी कडी आहे. सासूबाई म्हणतात धुऊन खा, हे म्हणतात "साहेब लोक खातात तेच आहे". मला पाच किलो फेकवतही नाहीत आणि पोराला द्यायचा धीरही होत नाही. यातलं कुणाला काही माहीत आहे का?

स्पष्टवक्ता_६१

फेका. कार्बाइड असणार. आजकाल सगळंच विष झालंय, आमच्या लहानपणी असं नव्हतं.

निफाडची

काका, कार्बाइडचा इथे संबंध नाही. ते आंबा-केळी पिकवायला वापरायचे आणि त्याच्यावर बंदी आहे. द्राक्ष तोडल्यावर पिकतच नाही. वेलीवर जेवढी गोडी भरली तेवढीच.

ताई, मी चौदा सीझन पॅकहाऊसला काढले. आधी कात्री घेऊन मणी साफ करायला होते, आता पॅकिंगच्या लाइनवर बघते. तुमच्या पेटीतला तो कागद म्हणजे ग्रेपगार्ड. आत सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. ओल लागली की त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. द्राक्षाला एक करडी बुरशी येते, ती शून्य डिग्रीलासुद्धा वाढते, म्हणजे नुसत्या थंडीने ती मरत नाही. एक मणी कुजला की आठवड्यात घड जातो, मग पेटी. न्हावाशेवाहून रॉटरडॅमला माल पोचायला तीन-चार आठवडे, आणि तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाले की आफ्रिकेला वळसा घालून आणखी जास्त. तेवढे दिवस तो कागद राखण करतो. चांगल्या कागदाला दोन थर असतात. एक पहिल्या दिवसा-दोन दिवसांत जोर करतो, दुसरा आठवडेच्या आठवडे हळूहळू सोडत राहतो.

तुमच्याकडे झालं काय ते सांगते. पेटी कोल्ड स्टोअरेजमधून निघाली आणि मार्चच्या उन्हात पुण्याला आली. थंड मालाला बाहेर काढलं की घाम फुटतो. पिशवीच्या आतून थेंबच्या थेंब धरतात, ते कागदावर पडतात, आणि जो वायू आठवडेच्या आठवडे पुरवून सुटायचा तो भराभर सुटतो. पिशवी बंद, जायला जागा नाही. तुम्ही उघडलीत आणि सगळा तोंडावर आला. आमच्याकडे नवी पोरगी आली की पहिल्याच दिवशी सांगतो, पेटी उघडायची तर तोंड लांब, खिडकीकडे.

देठापाशी पांढरी कडी म्हणजे त्या मण्याने वायू जास्त ओढलाय. देठाजवळ सालीला फट असते, तिथून तो शिरतो. असे मणी आम्ही काढून टाकतो, तुम्हीही टाका, चवीलाही ते लागटच असतात. बाकीच्या मण्यांवर जो पांढुरका थर असतो तो मात्र द्राक्षाचं स्वतःचं मेण. त्याला घाबरू नका. लोक तोच घासून घासून काढतात आणि कडीवाला मणी खातात!

कागद न फाडता उघड्यावर काढा, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. जाळू नका. द्राक्षं परातीत पसरून पंख्याखाली ठेवा, खाताना वाहत्या पाण्यात धुवा. त्या वायूचं फळावर सल्फाइट होतं, ते पाण्यात विरघळतं, वरवरचं जातं. फवारणीचं जे आत मुरलेलं असतं ते धुऊन जात नाही, पण तो वेगळा विषय, त्याच्यावर बागायतदार बोलतील.

एक विचारू? पोराच्या डब्यात बेदाणे देता का? पिवळेधमक, चकचकीत?

औषधवाला

वायू नाकात जाणं आणि सल्फाइट पोटात जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडे पहिली घडली. दम्याच्या सगळ्याच रुग्णांना खाण्यातल्या सल्फाइटचा त्रास होत नाही, थोड्यांना होतो, पण होतो तेव्हा जोरात होतो. मुलाच्या डॉक्टरांना हा प्रसंग सांगा आणि ते सांगेपर्यंत त्याला या पेटीतलं देऊ नका. पाकिटांवर सल्फाइटचा आकडा, म्हणजे आयएनएस २२० ते २२८ यांतला, बघायची सवय लावा. किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर ते लेबलवर सांगावं लागतं.

बागवान_दिंडोरी

निफाडच्या ताईंनी चेंडू माझ्याकडे टोलवला म्हणून लिहितो. २०१० साली सीसीसीचे (वेलीची वाढ आवरणारं रसायन) अंश सापडले आणि युरोपात आमचे कंटेनर अडकले. युरोपला जाणाऱ्या प्लॉटचा नमुना लॅबला जातो, रिपोर्टशिवाय माल हलत नाही. पण तुमच्या गल्लीत हातगाडीवर येणाऱ्या द्राक्षाचा रिपोर्ट तुम्ही कधी मागितलाय? कागदाचा वास येतो म्हणून तो दिसला. आणि "एक्स्पोर्टचा माल निम्म्या भावात" म्हणजे बहुतेक वेळा स्टोअरेजला पडून राहिलेला. कापलेल्या देठाची काडी बघत जा. हिरवी असेल तर ताजा, तपकिरी आणि कडक झाली तर माल जुना.

दोन_मुलांची_आई (पुणे)

काडी तपकिरी आहे. ह्यांना दाखवली, ते पेपर वाचत होते.

बेदाण्यांचं काय म्हणालात? शिऱ्यात घालते आणि डब्यात रोज मूठभर देते. पौष्टिक म्हणून.

निफाडची

म्हणूनच विचारलं. माझं माहेर तासगावकडचं. बेदाणा पिवळा-हिरवा राहावा म्हणून गंधकाची धुरी देतात, म्हणजे तोच पेटीतला वायू. ताज्या द्राक्षाला अमेरिकेत किलोमागे १० मिलिग्रॅम सल्फाइटची मर्यादा आहे, आणि वाळवलेल्या द्राक्षाला युरोपात २००० पर्यंत चालतं. पेटीच्या वासाने तुमचा जीव घाबरला, आणि बरणीचा वास येत नाही.

दोन_मुलांची_आई (पुणे)

बरणी उघडून नाक घातलं. खरंच काही वास नाही. सुटे आणले होते वाण्याकडून, त्यामुळे लेबलही नाही. उद्या डॉक्टरांकडे जाताना बरणीच घेऊन जाते. कडीवाले मणी सासूबाईंनी चष्मा लावून वेचले, वाटीभर निघाले. उरलेली आम्ही मोठी माणसं खातोय.

धुरी न दिलेले बेदाणे मिळतात का कुठे?

निफाडची

मिळतात. भावजयीला विचारून सांगते. काळपट, सुरकुतलेले, एकमेकांना चिकटलेले असतात. आधीच सांगते, नंतर खराब पाठवले म्हणू नका.