ब्रेक्झिट : बुडणार बुडणार म्हणत होते, मग बुडालं का ब्रिटन?

मुलुंडकर

२३ जून २०१६ ला ब्रिटनच्या जनतेने युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला. ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के. मी तेव्हा एका विदेशी बँकेच्या बॅक ऑफिसात होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला कोणी हात लावला नाही, सगळे स्क्रीनला चिकटलेले. दीड डॉलरवर असलेला पौंड १.३२ पर्यंत आपटला. आमचे साहेब चहाचा कप ठेवत म्हणाले, "संपलं इंग्लंड."

नऊ वर्षं उलटून गेली. संपलं का?

ब्रिटिश अर्थखात्याने मतदानाआधी सांगितलं होतं की बाहेर पडायचा कौल आला तर लगेच वर्षभराची मंदी येईल आणि पाचेक लाख नोकऱ्या जातील. प्रत्यक्षात काय झालं? मंदी आली नाही, आणि २०१९ च्या सुरुवातीला बेकारी ३.८ टक्क्यांवर आली, सत्तरच्या दशकानंतर सर्वांत कमी. ज्या जर्मनीचे गोडवे गायले जातात तिची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षं आक्रसली. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्पनी आयातशुल्काचा दांडपट्टा फिरवला तेव्हा ब्रिटनला १० टक्के लागले, युरोपला २० जाहीर झाले आणि पुढे घासाघीस करून १५ वर मिटलं. संघात असते तर ब्रिटननेही तेच भरले असते.

आणि आपल्यापुरतं बोलायचं तर, युरोपीय संघाने आपल्याशी व्यापार कराराच्या वाटाघाटी २००७ साली सुरू केल्या आणि २०१३ मध्ये घोंगडं भिजत टाकलं. ब्रिटनने जानेवारी २०२२ ला बोलणी सुरू केली, २४ जुलै २०२५ ला सही. एकटा माणूस लवकर तयार होऊन निघतो, वऱ्हाड निघायला वेळ लागतो. माझं मत: ब्रेक्झिटचा बागुलबुवा केला गेला. बोला.

लीड्सवाली

बोलते. मी यॉर्कशरमध्ये एका छोट्या कंपनीत डिस्पॅच बघते. चीज, चटण्या, बिस्किटं, नाताळचे गिफ्ट बॉक्स. माणसं अकरा.

२०२० पर्यंत फ्रान्सच्या ऑर्डरीचं काम असं होतं: पॅलेट गुंडाळा, इनव्हॉइस चिकटवा, ट्रकवर चढवा. लीड्सहून न्यूकॅसलला पाठवायचं तसंच लियॉंला. १ जानेवारी २०२१ पासून दूध किंवा मांस असलेल्या बहुतेक मालाला हेल्थ सर्टिफिकेट लागतं. त्यावर पशुवैद्याची सही. चेडरच्या लादीवर गुरांच्या डॉक्टरची सही! प्रत त्या देशाच्या भाषेत, शिक्के ठरलेल्या जागी. एका घरी एकच बॉक्स पाठवायचा असला तरी हेच. आमचा बॉक्स तीस पौंडाचा, सहीचे पैसे त्याच्या कित्येक पट. सुटे बॉक्स आम्ही पहिल्याच महिन्यात बंद केले.

मग राहिली दुकानदारांची पॅलेटं. आमच्यासारखे छोटे लोक अख्खा ट्रक भरू शकत नाहीत, पाच-सात जणांचा माल एकत्र जातो. त्यातल्या एकाच्या कागदावर चूक निघाली की सगळा ट्रक उभा. एकदा आमच्याच फॉर्मवर पशुवैद्याने खोडाखोड करून बाजूला सही केली नव्हती. माल दोन दिवसांनी परत आला, आणि मऊ चीजला दोन दिवस म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. त्यानंतर वाहतूकवाला आमचा माल घ्यायलाच कुरकुर करू लागला. २०२२ मध्ये युरोप बंद.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासात आहे की साधारण १६,४०० कंपन्यांनी संघाला निर्यात करणं सोडून दिलं. त्यातले एक आम्ही. मंदीच्या आकड्यात आम्ही दिसणार नाही, कारण कंपनी चालू आहे, मला पगार मिळतोय.

गंमत सांगू? मालकांनी २०१६ ला बाहेर पडायलाच मत दिलं होतं. अजूनही म्हणतात, कोविडमुळे झालं.

जुना सीए

मुलुंडकर, तुम्ही २०१६ च्या अंदाजाला बडवताय, ते बरोबरच आहे, तो अंदाज भिकार होता. पण त्यावरून नुकसान झालं नाही असं कसं सिद्ध होतं? वहाणेत खडा गेलेला माणूस चालतच असतो. तो पडला नाही म्हणून खडा नाही असं आम्ही ऑडिटवाले लिहीत नाही.

ब्रिटन सरकारचीच एक स्वतंत्र अंदाज संस्था आहे, ओबीआर. तिचं म्हणणं असं की, संघात राहिले असते तर जी उत्पादकता असती तिच्यापेक्षा ती दीर्घकाळात ४ टक्के कमी राहील, आणि आयात-निर्यात १५ टक्के कमी. हे "राहिले असते तर" महत्त्वाचं. ते जग कोणी पाहिलेलं नाही, त्यामुळे कोविड, युक्रेन युद्ध आणि गॅसचे भाव यातून ब्रेक्झिट वेगळं काढणं म्हणजे मिसळीतून मटकी निवडण्यासारखं आहे. दशांश चिन्हापर्यंत आकडा छातीठोक सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. पण दिशा कोणती, याबद्दल फारसा वाद नाही.

आता जमेची बाजू बघू. पॅसिफिकवाल्यांच्या सीपीटीपीपी या व्यापार गटात ब्रिटन डिसेंबर २०२४ ला सामील झालं. खुद्द सरकारचा अंदाज, दीर्घकाळात जीडीपीच्या ०.०८ टक्के फायदा. भारताशी करार: वर्षाला ४.८ अब्ज पौंड, म्हणजे ०.१ टक्क्याच्या आसपास. गेले चार, आले पाव टक्क्याच्या आत. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

एक मात्र तुमच्या बाजूने: सेवा क्षेत्र. सल्लागार, कायदा, जाहिरात, सॉफ्टवेअर यांची निर्यात अपेक्षेपेक्षा खूपच बरी चालली आहे. सल्ल्याला पशुवैद्याची सही लागत नाही.

मुलुंडकर

ताई, तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही. पण सीएकाका, ओबीआरचा आकडासुद्धा तज्ज्ञांच्या अंदाजांची सरासरीच आहे. २०१६ चे तज्ज्ञ भिकार आणि आत्ताचे सोन्याचे?

आणि सगळं पैशातच मोजायचं का? भाऊ वेगळे झाले की दोन चुली होतात, सरपण जास्त लागतं. म्हणून कोणी वेगळं व्हायचंच नाही? आपल्या घरात काय शिजेल ते आपण ठरवायचं, याला काही किंमत आहे की नाही? कोविडची लसच बघा, फायझरला पहिली मंजुरी ब्रिटनने दिली, २ डिसेंबर २०२०. युरोप बसला होता फायली चाळत.

लीड्सवाली

लसीचं उदाहरण इथे रोज ऐकते. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडलं खरं, पण २०२० अखेरपर्यंत संक्रमणकाळ होता आणि संघाचेच नियम लागू होते. ती मंजुरी त्या नियमांतल्याच आणीबाणीच्या तरतुदीखाली दिली. इतर सदस्यांनाही देता आली असती.

आणि घरात काय शिजेल ते ठरवण्याबद्दल. प्रचारात इथल्या देशी रेस्टॉरंटवाल्यांना सांगितलं होतं की पूर्व युरोपचे लोक कमी झाले की तुम्हाला भारत-बांगलादेशातून आचारी आणता येतील. एप्रिल २०२४ मध्ये कुशल कामगार व्हिसाची पगारमर्यादा ३८,७०० पौंड झाली. तंदूरवर उभा राहणाऱ्याला एवढा पगार कोणतं करी हाऊस देतं? बरं, बाहेरून येणारे कमी झाले म्हणावं, तर २०२३ मध्ये निव्वळ स्थलांतर वर्षाला ९ लाखांच्या वर गेलं होतं. त्यात आपलेच लोक मोठ्या संख्येने. माझी तक्रार नाही, मीही त्यातलीच. पण मत देणाऱ्यांनी हे मागितलं नव्हतं.

उगाच टपकलो

आपण २०१९ ला आरसेपमधून (आशिया-पॅसिफिक देशांचा व्यापार करार) बाहेर आलो तेव्हा कोणी रडलं नाही ते?

जुना सीए

आपण आत गेलोच नव्हतो, बँकॉकला उंबरठ्यावरून परत फिरलो. साखरपुडा मोडणं वेगळं आणि १९७३ पासूनचा ४७ वर्षांचा संसार मोडणं वेगळं. (खरं तर या संसारातून पहिलं बाहेर पडलं ते ग्रीनलंड, १९८५ ला, मासेमारीच्या भांडणातून. पण त्यांच्याकडे मासळीखेरीज फारसं काही नव्हतं, हिशेब सोपा होता.)

निफाडचा बागायतदार

दिवसभर बागेत होतो, आत्ता वाचलं. मुलुंडकर साहेब, बाहेरचा म्हणून युरोपच्या दारात उभं राहणं काय असतं ते आमच्या नाशिकवाल्यांना विचारा. आम्ही कायमच बाहेरचे.

२०१० साल. एप्रिल छाटणीनंतर द्राक्षवेलीची फाजील वाढ रोखायला आम्ही लिहोसिन मारायचो, म्हणजे क्लोरमेक्वाट. सगळेच मारायचे. इकडे रेसिड्यूच्या, म्हणजे मालात उरलेल्या औषधाच्या अंशाच्या, तपासणीच्या यादीत ते नावच नव्हतं. रिपोर्ट स्वच्छ, कंटेनर रवाना. तिकडे उतरल्यावर त्यांनी नेमकं तेच तपासलं आणि माल अडवला. ऐन हंगामात कंटेनरच्या कंटेनर अडकले, पैसे बुडाले, कित्येकांची कर्जं अजून त्या सालातली आहेत. तो नियम करताना आमच्या बाजूने बोलायला त्या खोलीत कोण होतं? कोणी नाही. ब्रिटन मात्र तेव्हा त्या खोलीत बसलेलं होतं.

चूल वेगळी केली म्हणता, ठीक आहे. पण विहीर सामायिकच आहे ना? त्यांच्या निर्यातीतला ४० टक्क्यांच्या वर माल अजून युरोपलाच जातो. वाटणीपत्रात विहिरीवरचा हक्क सोडून दिला आणि पाणी तर तिथूनच घ्यायचं. मग पाळी कधी, मोटर किती तास, ते दुसरे भाऊ ठरवणार. आमच्याकडे असं कोणी केलं तर गाव हसतं.

आम्हालाही थोडा फटका बसला. पूर्वी नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात उतरलेला माल तिथून ब्रिटनला सहज वळवता यायचा. आता मधे सीमा आली, कागद दोनदा. बाकी भारत-ब्रिटन कराराचं बघू. शुल्क कमी झालं तरी रेसिड्यू तोच राहणार.

मुलुंडकर

भाऊ, विहीर पटली. पण म्हणूनच मला १९ मे २०२५ च्या लंडनमधल्या बैठकीचा राग येतो. अन्न आणि शेतमालाच्या कागदपत्रांतून सुटका हवी म्हणून ब्रिटनने त्या बाबतीत संघाचे नियम, पुढे बदलतील तसे, पाळायचं तत्त्वतः कबूल केलं. अर्थ लावायचा शेवटचा अधिकार युरोपीय न्यायालयाला. म्हणजे खोलीतून उठून बाहेर यायचं आणि मग दाराच्या फटीतून हुकूम ऐकायचे. बाहेर पडायचं तर धड पडा. अर्धवटपणाचं खापर ब्रेक्झिटवर फोडू नका.

लीड्सवाली

धड बाहेर म्हणजे चेडरवर सही कायम. आमच्या अकरा जणांना ते परवडत नाही.

त्या बैठकीची बातमी आली त्या आठवड्यात मालक माझ्या टेबलाशी आले. इकडचं तिकडचं बोलले, हवेबद्दल बोलले. मग जाता जाता, जणू आत्ताच सुचलं अशा आवाजात: "लियॉंच्या त्या दुकानदाराचा नंबर आहे का गं अजून?"

आहे म्हटलं.