पॅच म्हणजे ठिगळ, रफू की डागडुजी?

सात_रस्ता:
मंडळी एक अडकलंय. आमच्या ऑफिसात विंडोजवर युनिक्सची (लिनक्स ज्या घराण्यातली, ती जुनी सिस्टीम) जुनी टूलं चालतात, एलएस (फाइलींची यादी दाखवणारं), सॉर्ट, फाइंड, टच वगैरे, कोणीतरी कधीकाळी पोर्ट केलेली, म्हणजे तिकडची इकडं चालतील अशी केलेली. सोर्स (मूळ कोड) खुला आहे म्हणून त्यातले बग मीच काढत बसतो, अशा दुरुस्तीच्या तुकड्याला पॅच म्हणतात. आता काय काय बदललं त्याची नोंद पोरांसाठी मराठीत लिहायला घेतली, "फाइंडला ठिगळ लावलं" असं लिहिलं तर शेजारचे काका (हयात चादरीच्या कारखान्यात गेलेली) म्हणाले ठिगळ फाटक्याला लावतात, रफू म्हण. पण रफू चांगला झाला की दिसत नाही, आणि मला तर दिसायला पाहिजे ना कुठं काय बदललं ते. बरोबर काय?

शेंगाचटणी:
ठिगळच. प्रोग्राम छिद्रं पाडलेल्या कागदी पट्टीवर असायचे तेव्हा चुकीच्या छिद्रावर खरोखरचा तुकडा चिकटवायचे, तिथला हा शब्द. लॅरी वॉलनं १९८५ ला असे बदल कोडला लावणारा पॅच नावाचा प्रोग्राम लिहिला तोवर मुरलेला होता. त्यांना लाज वाटली नाही, आपल्याला कसली वाटायची?

शुद्धमराठी:
दोन्ही नको. "दोषनिवारण" लिहा, आणि पोर्ट केलेलं म्हणजे "स्थानांतरित". दिनांक, महापौर हे शब्द सावरकरांनी रूढ केले, आज तोंडात बसलेत की नाही? वापरल्याशिवाय शब्द रुळत नाही.

शेंगाचटणी:
काका, स्थानांतरित म्हणलं की मला बदली झालेला तलाठीच दिसतो.

सांगोलेकर:
पोर्टला सरळ कलम म्हणा की. फांदी एका झाडाची, खुंट दुसऱ्याचा. डाळिंबाची गुटी घेऊ नका, तिला स्वतःची मुळं फुटतात, आंब्याचं पाचर कलम घ्या. वरचा कोड तोच, खाली लिनक्सऐवजी विंडोज. आणि खुंटाला फुटवे येतात ते काढावे लागतात, त्याला कोणी दुरुस्ती म्हणत नाही, कारण फांदीत बिघाड नसतोच. तुमचे बग त्यातले का फांदीतलेच ते आधी बघा, मग शब्द शोधा.

सात_रस्ता:
हे पटलं, कारण निम्म्याहून जास्त तसलेच आहेत. परवाचाच घ्या. फोल्डरमध्ये "हजेरी" नावाची फाइल, जुना एलएस ती "?????" दाखवतो. पोर्ट करणाऱ्यानं विंडोजची जुनी ॲन्सी फंक्शनं वापरलीत, ती कोडपेजवर, म्हणजे भाषेभाषेच्या वेगळ्या अक्षरयादीवर चालतात, आणि मराठीला ॲन्सी कोडपेजच नाही, मराठी तिथं पहिल्यापासून फक्त युनिकोडवर, म्हणजे सगळ्या भाषांच्या एकाच यादीवर. मग ह, ज, एकार, र, ईकार, प्रत्येकाला एक प्रश्नचिन्ह. तेच नाव पुढं सॉर्टला दिलं की तो म्हणतो अशी फाइलच नाही, आणि नसणारच, विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. लिनक्सवर हाच कोड गुमान चालतो. सगळीकडं रुंद अक्षरांची (युनिकोडवाली) फंक्शनं घातली तेव्हा हजेरी दिसली.

नवी_पेठ:
डागडुजी कोणालाच कशी आठवली नाही? डाग आणि दोजी, जरदोजीतली तीच फारसी दोजी, म्हणजे शिवण. म्हणजे रफू आणि ठिगळ दोन्ही आत आलं.

शुद्धमराठी:
फारसीच आणायचं तर मग इंग्रजीनं काय घोडं मारलंय? आणि डागडुजी घराची करतात, देवळाची करतात. प्रोग्रामची कसली डागडुजी.

नवी_पेठ:
म्हणजे मराठीत शब्द आहे पण तो फक्त देवळापुरता? असंच करत भाषा आखडते काका. आमच्या इथं मोटरसायकलची पण डागडुजी होते.

शेंगाचटणी:
नावावरनं आठवलं, फाइलचं नाव तेवढं पॅच ठेवू नका बे. व्हिस्टा आवृत्तीपासनं विंडोज ३२ बिटी प्रोग्रामचं नाव बघून ठरवतं की हा इन्स्टॉलर दिसतोय, नावात सेटअप, अपडेट, पॅच आलं की ॲडमिनची परवानगी मागत बसतं. म्हणून पोर्ट केलेला पॅच बिचारा काही न करता अडकायचा. सोबत मॅनिफेस्ट (प्रोग्रामला काय लागतं ते सांगणारी नोंद) जोडून, मला ॲडमिन नको, असं सांगावं लागतं. ठिगळ डॉट एक्सई ठेवलं असतं तर झंझटच नव्हती.

सांगोलेकर:
यंत्रसुद्धा शब्दाच्या अर्थावर भांडतंय म्हणा की.

सात_रस्ता:
मोजण्यातही तेच. "सोलापूर" लिहून डब्ल्यूसीला (मजकूर मोजणारं टूल) दिलं, ओळ न तोडता, तर बाइट २१ आणि कॅरेक्टर ७. लोकेल (भाषेची सेटिंग) नीट लागलं नाही तर दोन्हीकडं २१. आणि शाळेतली पोरं म्हणतात चार अक्षरं.

शुद्धमराठी:
पोरं बरोबर आहेत. काना, मात्रा, ऊकार वेगळे मोजणं हा अडाणीपणा आहे. आणि सोळा पुरं मिळून सोलापूर झालं, हे तुमच्या यंत्राला कुठून कळणार.

नवी_पेठ:
सोळा पुरं ही सांगायची गोष्ट झाली. शिलालेखात सोन्नलगे आहे, सोलापूरच्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या काळचं नाव.

शुद्धमराठी:
लोकांच्या तोंडी सोळा पुरंच आहे. मघाशी तुम्हीच म्हणत होता ना, वापर मोठा?

नवी_पेठ:
शब्दाचा वापर वेगळा, इतिहास वेगळा. मघाशी तुम्ही वापराला मोजत नव्हता, आता एकदम लोकांचं तोंड आठवलं.

सात_रस्ता:
"सोन्नलगे" टाकून बघितलं. कॅरेक्टर ८, हलंत वेगळा मोजला.

शेंगाचटणी:
मग जोडाक्षर एक धरायचं का दोन? आमच्या बाईंनी दीड सांगितलेलं.