लास वेगासमध्ये बुफे कुठे घ्यावा आणि स्टेक कुठे खावा

ए-४०२
सर्वांना नमस्कार. पुढील महिन्यात आम्ही सहा जण चार रात्रींसाठी लास वेगासला जात आहोत. सोबत सासूबाई आणि सासरे आहेत, तसेच नऊ आणि बारा वर्षांची मुले आहेत. आमच्यापैकी कोणालाही जुगारात रस नाही, परंतु तेथील बुफे आणि स्टेकहाउस (स्टेक, म्हणजे गोमांसाचा जाड भाजलेला तुकडा, देणारी उपाहारगृहे) यांविषयी इतके ऐकले आहे की निदान एकेक जेवण तरी मनासारखे व्हावे, अशी इच्छा आहे. ज्यांनी तेथे प्रत्यक्ष जेवण घेतले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सी-१०१
आम्ही २००४ साली गेलो होतो. त्या वेळी कोणत्याही कॅसिनो हॉटेलात शिरावे, थोडे पैसे द्यावेत आणि पोटभर जेवावे, असा प्रकार होता. बुफे शोधावा लागत नसे, त्यामुळे तुम्हीही फार विचार करू नये असे मला वाटते.

बी-७०३
काका, तुमची आठवण खरी आहे, परंतु त्या भरवशावर आज कोणी गेले तर त्यांची निराशा होईल. कामानिमित्त मी त्या शहरात अनेकदा राहिले आहे आणि हा बदल डोळ्यांसमोर घडताना पाहिला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बुफेची प्रथा तेथे १९४० च्या दशकात एल रांचो वेगास या हॉटेलात सुरू झाली. आज ज्याला स्ट्रिप म्हणतात त्या रस्त्यावरील हे पहिले कॅसिनो हॉटेल, आणि ते १९४१ मध्ये उघडले होते. रात्रीचा कार्यक्रम संपल्यावर पाहुण्यांनी जेवणासाठी बाहेर न पडता खेळाच्या टेबलांजवळच राहावे, म्हणून अवघ्या एका डॉलरमध्ये हवे तितके खाण्याची सोय केली गेली. जेवणात होणारा तोटा जुगारातून भरून निघत असे. मात्र १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून स्ट्रिपवरील मोठ्या हॉटेलांची खोल्या, जेवण आणि कार्यक्रम यांतील कमाई जुगाराच्या कमाईपेक्षा जास्त होऊ लागली, आणि मग जेवण तोट्यात देण्याचे कारणच उरले नाही. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सगळे कॅसिनो बंद झाले, त्यानंतर कित्येक बुफे पुन्हा उघडलेच नाहीत. रिओ हॉटेलातील प्रसिद्ध कार्निव्हल वर्ल्ड बुफे गेला, आरिया हॉटेलातील बुफेच्या जागी वेगवेगळ्या स्टॉलांचे फूड हॉल आले, आणि २०२५ मध्ये लक्सर हॉटेलचा बुफेही बंद झाला. जे टिकले त्यांतील चांगले बुफे आता महाग आहेत, हे मनाशी धरूनच निवड करावी.

माझे स्पष्ट मत असे आहे की चार दिवसांत एकच बुफे घ्यावा आणि तो उशिराच्या सकाळी घ्यावा. सकाळी काही न खाता साडेदहा-अकराच्या सुमारास बसले की नाश्त्याचे आणि दुपारचे असे दोन्ही पदार्थ मिळतात, रात्रीपेक्षा दर कमी असतो आणि संध्याकाळपर्यंत भूक लागत नाही. एकदा मी विमानतळावरून थेट एका हॉटेलात रात्री नऊ वाजता बुफेला बसले होते. बंद होण्याची वेळ जवळ आल्यामुळे भांडी पुन्हा भरली जात नव्हती आणि दिव्यांखाली ठेवलेले मांस पार वाळून गेले होते. पैसे मात्र पूर्ण द्यावे लागले.

ए-४०२
ताई, नेमका कोणता बुफे निवडावा? याद्यांमध्ये सीझर्स पॅलेस हॉटेलातील बॅकनाल बुफे सर्वांत वर दिसतो.

बी-७०३
बॅकनाल हा सर्वांत मोठा आणि भव्य आहे, यात शंका नाही. तो २०१२ मध्ये सुरू झाला आणि नूतनीकरणानंतर २०२१ मध्ये पुन्हा उघडला. खेकड्याचे पाय, ऑयस्टर, भाजलेली प्राइम रिब (बरगडीजवळचे गोमांस) हे त्याचे बलस्थान आहे. रात्रीच्या जेवणासाठी माणशी ऐंशी डॉलर किंवा त्याहून अधिक खर्च येतो, त्यामुळे ज्यांना समुद्री खाद्य मनापासून आवडते आणि जे ते भरपूर खाऊ शकतात त्यांनाच तो परवडतो, असे मी म्हणेन.

तुमच्या कुटुंबासाठी मी कॉस्मोपॉलिटन हॉटेलातील विकेड स्पून हा बुफे सुचवेन. तेथे बरेच पदार्थ लहान लहान वाट्यांत आणि छोट्या तव्यांत एकेका माणसापुरते वाढून ठेवलेले असतात. मोठ्या परातीत शंभर चमचे फिरलेल्या पदार्थापेक्षा ते गरम आणि नीटनेटके मिळतात, शिवाय मुलांनाही थोडे थोडे चाखून पाहता येते. विन हॉटेलचा बुफेही उत्तम आहे, आणि गोड पदार्थ तसेच बसण्याची जागा या दोन्ही बाबतीत मला तो सर्वांत आवडला. खर्च कमी ठेवायचा असेल तर स्ट्रिपपासून बरेच दक्षिणेला असलेल्या साउथ पॉइंट हॉटेलात गार्डन बुफे आहे. तेथे स्थानिक लोकही जेवायला येतात, पण टॅक्सीचा खर्च हिशेबात धरावा.

कोठेही गेलात तरी आधी रिकाम्या ताटाने एक पूर्ण फेरी मारावी. पाव, पास्ता आणि भात सुरुवातीला ठेवलेले असतात, तर ज्यासाठी आपण पैसे भरले आहेत ते पदार्थ शेवटी सापडतात.

डी-३०५
स्टेकबद्दल मी लिहितो, कारण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. सर्वप्रथम एक गैरसमज दूर करतो: बुफेवर मिळणारी प्राइम रिब म्हणजे स्टेक नव्हे. तो मोठा तुकडा मंद आचेवर अखंड भाजून नंतर कापतात, तर स्टेक आधी कापून मग प्रखर आचेवर भाजतात. त्या नावातील ‘प्राइम’ हा शब्द प्रतीचाही पुरावा नाही. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या प्रतवारीत प्राइम, चॉइस आणि सिलेक्ट अशा प्रमुख श्रेणी आहेत, आणि मांसात चरबीची बारीक जाळी किती पसरली आहे यावर त्या बऱ्याच अंशी ठरतात. मेनूवर प्रत लिहिलेली नसेल तर ती विचारावी.

एकच ठिकाण निवडायचे झाल्यास मी गोल्डन स्टीअर निवडेन. १९५८ पासून चालणारे हे स्टेकहाउस सहारा ॲव्हेन्यूवर, स्ट्रिपच्या थोडेसे पश्चिमेला आहे. बाहेरून ते अगदी साधे दिसते, पण आत लाल चामड्याच्या बैठका आहेत आणि फ्रँक सिनात्रा, एल्व्हिस प्रेस्ली असे कलावंत तेथे जेवत असत. सीझर सॅलड तुमच्या टेबलाजवळ गाडी आणून तुमच्यासमोर बनवतात. जागा मात्र कित्येक दिवस आधी राखून ठेवावी लागते, म्हणून आजच प्रयत्न करावा.

ते न मिळाल्यास जुन्या शहरभागातील फ्रीमाँट स्ट्रीटवर फोर क्वीन्स कॅसिनोच्या तळघरात ह्यूगोज सेलर हे स्टेकहाउस आहे. १९७६ पासूनच्या या ठिकाणी प्रत्येक स्त्रीला गुलाबाचे फूल देतात, सॅलड गाडीवर बनवतात, आणि ते जेवणाच्या दरातच धरलेले असते. स्ट्रिपवरील बहुतेक स्टेकहाउसमध्ये मात्र स्टेकच्या दरात फक्त स्टेकच मिळतो, बटाटा, पालक, मशरूम या सगळ्यांचे वेगळे पैसे पडतात. या साइड डिश दोघांना पुरतील एवढ्या असतात, त्यामुळे सहा जणांनी तीन मागवाव्यात.

दृश्यही हवे असेल तर बेलाजिओ हॉटेलातील प्राइम नावाच्या स्टेकहाउसमध्ये कारंज्यांच्या बाजूचे टेबल मागावे. त्या बाबतीत माझे मत थोडे कठोर आहे: तेथे जेवणाइतकेच पैसे आपण त्या दृश्याचे देतो, आणि कारंजी तर बाहेर रस्त्यावरून फुकट दिसतात.

सी-१०१
कमी खर्चाचा स्टेक आता उरलाच नाही का?

डी-३०५
उरला आहे, काका. कोव्हल लेनवर एलिस आयलंड नावाचा छोटा कॅसिनो आहे. तेथील साध्या उपाहारगृहात वर्षानुवर्षे एक स्टेक स्पेशल मिळतो, जो मेनूवर छापलेला नसायचा आणि विचारून मागवावा लागत असे. ते मांस गोल्डन स्टीअरच्या तोडीचे नाही, पण दिवसभर चालून दमल्यावर समाधानाने जेवता येते.

मागवताना एवढे लक्षात ठेवावे: चवीसाठी रिबआय हा तुकडा, मऊपणासाठी फिले, आणि शिजवण्याची पातळी मीडियम रेअर (आतून लालसर) किंवा मीडियम (आतून गुलाबी). पूर्ण शिजवलेला स्टेक हवा असेल तर महागडा तुकडा घेऊ नये, कारण त्यात आणि साध्या तुकड्यात मग फारसा फरक उरत नाही.

ए-४०२
मनःपूर्वक आभार. एक अडचण सांगायची राहिली. सासूबाई गोमांस खात नाहीत, आणि त्याचा स्पर्शही त्यांना चालत नाही. त्यांना स्टेकहाउसमध्ये नेणे योग्य होईल का?

बी-७०३
मला वाटते नेऊ नये, किंवा त्यांची तयारी आधी विचारून घ्यावी. मासे आणि चिकन तेथे जरूर मिळते, पण काही ठिकाणी तेच भाजण्याचे यंत्र वापरतात, बटाटे गाईच्या चरबीत तळलेले असू शकतात, आणि सॉसमध्ये हाडांचा रस असतो. वाढप्याला स्पष्ट विचारले तर तो स्वयंपाकघरात चौकशी करून येतो, यात संकोच बाळगू नये. बुफेवरसुद्धा मांस कापण्याच्या काउंटरवर टर्की आणि गोमांस यांसाठी एकच सुरी फिरते, म्हणून स्वच्छ सुरीची विनंती करावी. विकेड स्पूनमध्ये वेगळ्या वाट्या असल्यामुळे त्यांना तेथे अधिक निश्चिंतपणे जेवता येईल, आणि ते नाव सुचवण्यामागे हेही एक कारण आहे.

आणखी एक गोष्ट. मेनूवरील दरात ८.३७५ टक्के विक्रीकर धरलेला नसतो, आणि स्टेकहाउसमध्ये १८ ते २० टक्के टिप अपेक्षित असते. सहा किंवा अधिक माणसे असल्यास ती पुष्कळदा बिलातच आधीपासून लावलेली असते, त्यामुळे बिल वाचल्याशिवाय दुसऱ्यांदा देऊ नये. मुलांना कॅसिनोच्या दालनातून जेवणाच्या जागेकडे चालत जाता येते, पण २१ वर्षांखालील कोणालाही जुगाराच्या यंत्रांजवळ थांबू देत नाहीत, तेव्हा त्यांना सरळ पुढे न्यावे.

ए-४०२
घरात बोलणे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता सर्वांनी मिळून विकेड स्पूनला जायचे, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे सासऱ्यांना घेऊन स्टेकला जायचे, असे ठरले आहे. सासूबाई त्या वेळी मुलांना घेऊन बेलाजिओची कारंजी पाहतील. गोल्डन स्टीअरमध्ये तिघांसाठी संध्याकाळी पाच वाजताचे टेबल आताच मिळाले.

डी-३०५
पाचची वेळ चांगली आहे, कारण तोवर गर्दी झालेली नसते. सॅलड टेबलाजवळच बनवायला सांगा, आणि शेवटी बनाना फॉस्टर हा केळ्याचा गोड पदार्थ मागवा. तेही तुमच्या समोरच पेटवून बनवतात.