लॉकर्बीचा निकाल: शंका कुठवर घ्यावी?

टिळकवाडी, बेळगाव:
21 डिसेंबर 1988 रोजी पॅन ॲमचे विमान बॉम्बस्फोटाने स्कॉटलंडमधील लॉकर्बी गावावर कोसळले आणि 270 जणांचा बळी गेला. या खटल्यात लिबियाचा अब्देलबासेत अल-मेग्राही 2001 मध्ये दोषी ठरला, तो निकाल मला पटत नाही. बॉम्बच्या बॅगेतील कपडे त्यानेच माल्टातील एका दुकानातून घेतले, हा सरकारपक्षाचा मुख्य आधार होता. परंतु ज्या दुकानदाराने त्याला ओळख परेडमध्ये ओळखले, त्याने काही दिवस आधीच एका मासिकात त्याचा फोटो पाहिलेला होता. बेळगावच्या कोर्टात अशी ओळख परेड पुढे आली, तर नवशिका वकीलही उलटतपासणीत तिच्या चिंध्या करील. स्कॉटलंडच्याच फेरविचार आयोगाने 2007 मध्ये सहा मुद्द्यांवर न्याय चुकला असण्याची शक्यता नोंदवली, आणि मेग्राही माल्टात होता त्या 7 डिसेंबरलाच कपड्यांची खरेदी झाली असे मानण्यास निकालपत्रात वाजवी आधार नाही, हा त्यांपैकी एक मुद्दा होता. निकालानंतर त्या दुकानदाराला अमेरिकेकडून मोठे बक्षीस मिळाले, हेही पुढे उघड झाले.

खानापूर:
आपण अर्धीच बाजू मांडलीत. मेग्राहीने 2009 मध्ये अपील स्वतः मागे घेतले, त्याच्या मृत्यूनंतरचे अपील जानेवारी 2021 मध्ये पाच न्यायाधीशांनी फेटाळले, आणि आपल्या अधिकाऱ्यांच्या कृत्यांची जबाबदारी लिबियाने 2003 मध्येच लेखी स्वीकारली होती. आपल्या सीमाभागात 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीविषयी बंगळूर एक सांगते आणि मुंबई दुसरे, त्यामुळे सरकारी म्हणजे खोटे, हे आपण वाचण्याआधीच ठरवून टाकतो. या सवयीचा फायदा सरकारेच उठवतात, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. जुलै 2014 मध्ये युक्रेनवर मलेशियाचे एमएच 17 विमान पाडले गेले आणि 298 माणसे मेली, तेव्हा रशियाने आधी जवळ सुखोई-25 लढाऊ विमान असल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी बुक क्षेपणास्त्र बनवणारी रशियन सरकारी कंपनी म्हणू लागली की क्षेपणास्त्र बुकच होते, पण युक्रेनचे. पहिली गोष्ट खरी असेल तर दुसरी खोटी ठरते. पण ऐकणाऱ्याने दोन्हींवर विश्वास ठेवावा अशी तिथे अपेक्षाच नव्हती, त्याने रशियाकडे बोट दाखवणाऱ्या डच तपासावरही विश्वास ठेवू नये एवढे पुरे होते. याच प्रकरणात डच न्यायालयाने 2022 मध्ये तिघांना दोषी ठरवताना चौथ्याला पुराव्याअभावी सोडले.

निपाणी:
कट आणि ढिसाळपणा यांत आपण दोघेही फरक करत नाही. 1985 मध्ये एअर इंडियाच्या कनिष्क विमानातील स्फोटात 329 जण गेले. कॅनडाच्या गुप्तचर खात्याने संशयितांच्या फोन संभाषणांच्या टेपा पुसून टाकल्या आणि 2005 मध्ये दोन मुख्य आरोपी निर्दोष सुटले. तिथे कुणाला वाचवायचे होते असे मला वाटत नाही, पण अधिकृत कथनाची पत गेली ती गेलीच.

टिळकवाडी, बेळगाव:
खानापूरकरांच्या दोन मुद्द्यांना उत्तर देतो. अपील प्रलंबित असताना कैदी-हस्तांतर होऊ शकत नव्हते आणि मेग्राही कर्करोगाने मरणाला टेकला होता, म्हणून ती माघार म्हणजे कबुली नव्हे. लिबियाच्या पत्राविषयी म्हणाल, तर आम्ही शांतता विकत घेतली, अशा अर्थाचे विधान तिथल्या पंतप्रधानांनीच 2004 मध्ये केले होते. आता तिसरा आरोपी अबू अगिला मसूद 2022 पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे आणि त्याच्याविरुद्धचा मुख्य पुरावा 2012 मध्ये लिबियाच्या कोठडीत दिलेला कबुलीजबाब आहे. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आपला कायदा आरोपीविरुद्ध ग्राह्य धरत नाही, आणि त्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. शिवाय त्या जबाबात मेग्राहीसोबत फहिमाचेही नाव आहे, ज्याला 2001 च्या न्यायालयाने निर्दोष सोडले होते.

खानापूर:
हा मुद्दा वजनदार आहे, मान्य. मात्र दोन्ही बाजू ऐकून न्यायालयाने तो जबाब विश्वासार्ह ठरवला, तर मेग्राहीचा निकाल आपण मान्य कराल की नवी शंका काढाल, हे खटल्याआधीच लिहून ठेवावे.