माणसाची प्रतिष्ठा जपायची म्हणून त्याचा रोजगार बंद करता येतो का?

संध्याकाळची बॅच

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून तीन वर्षांचं एलएलबी करतेय. विधिशास्त्राचा अभ्यास करताना फ्रान्सच्या एका निकालापाशी अडकले आहे.

मोर्सां-स्युर-ओर्ज नावाच्या गावात डिस्कोमध्ये एक खेळ ठेवला होता. संरक्षक कपडे घातलेल्या, अतिशय ठेंगण्या माणसाला उचलून हवेच्या गादीवर फेकायचं. १९९१ मध्ये महापौरांनी त्यावर बंदी घातली. ज्याला फेकत होते तो मान्युएल वाकेनहाइम स्वतःच बंदीविरुद्ध कोर्टात गेला. व्हर्सायच्या न्यायालयात जिंकला. पण १९९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निकाल फिरवला: मानवी प्रतिष्ठेचा आदर हा सार्वजनिक सुव्यवस्थेचाच भाग आहे, त्याची स्वतःची तयारी असली तरी बंदी योग्यच. पुढे २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही त्याचं म्हणणं मानलं नाही. हाताला काम असणं हीच आपली प्रतिष्ठा, असा त्याचा मुद्दा होता.

हे वाचून मला आमच्या चाळीतल्या एक मावशी आठवल्या. डान्स बारमध्ये नाचायच्या. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. २००५ च्या ऑगस्टमध्ये बारबंदी आली आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आलीच नाही. बंदी आणली होती ती स्त्रियांच्या प्रतिष्ठेसाठीच. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये हा जर्मन तत्त्वज्ञ कांटचा विचार मला मनापासून पटतो. पण माझी प्रतिष्ठा कशात आहे हे माझ्या वतीने सरकारने ठरवायचं का?

युनियनवाला

ताई, मी दुसऱ्या टोकावरून बोलतो. बरीच वर्षं कंत्राटी सफाई कामगारांच्या युनियनचं काम करतो. 'राजीखुशीने' हा शब्द ऐकला की मला ठेकेदार दिसतो. माणूस गटारात गुदमरून गेला की पंचनाम्याच्या वेळी ठेकेदाराचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'तो स्वतःहून उतरला.' हो, उतरला. चेंबरचं झाकण काढलं, वास जाईपर्यंत जरा थांबले, कमरेला दोर बांधला, ठेकेदाराच्या लेखी झाली सुरक्षा. नाही म्हटलं तर उद्यापासून हजेरी नाही हे त्याला माहीत होतं.

२०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करवून घेण्यावरची बंदी आणखी कडक झाली, आणि पुरेशा सुरक्षेशिवाय माणसाला गटारात उतरवणं गुन्हा ठरलं. कामगार तयार होता का, हे तो कायदा विचारत नाही, आणि विचारूही नये. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. तेव्हा प्रतिष्ठेसाठी रोजगार बंद करता येतो का? येतो. काही रोजगार बंदच व्हायला हवेत.

ठाण्याची वकील

प्रश्न चांगला आहे, आणि दादांचं म्हणणंही अगदी खरं आहे. तरी या दोन बंद्या मला एका पंगतीत बसवता येत नाहीत.

बारबंदीचा मसुदाच बघ. मुंबई पोलीस कायद्यात दोन कलमं घातली, ३३अ आणि ३३ब. पहिल्याने नाच बंद केला, दुसऱ्याने तीन तारे आणि त्यावरची हॉटेलं, जिमखाने, क्लब यांना सूट दिली. तेच गाणं, तोच नाच. गिऱ्हाईक श्रीमंत असलं की प्रतिष्ठेला धक्का लागत नाही! मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये कलम रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम ठेवला. पंचाहत्तर हजारांहून जास्त बायका बेकार झाल्याचं त्या निकालात आहे, आणि पोटासाठी अनेकींना वेश्याव्यवसायाकडे वळावं लागल्याचंही. ज्या प्रतिष्ठेसाठी सगळा खटाटोप केला तिचं काय झालं ते यात दिसतं.

मग २०१६ चा कायदा आला. त्याच्या तर नावातच महिलांच्या प्रतिष्ठेचं संरक्षण आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल मात्र जरूर वाच, कारण तिथे कोर्टाने एकेक अट हातात घेऊन तपासली. नाच चालतो तिथे सीसीटीव्ही लावायची अट गेली. नोटा उधळायला मनाई राहिली, पण नाचणारीच्या हातात बक्षिशी द्यायला हरकत नाही म्हटलं. लेखी करार आणि मोबदला बँकेत जमा करण्याची अट टिकली. प्रतिष्ठा जपायची तर ती अशी, काम करणारीचं काम न काढता.

मी स्वतः अशा प्रकरणात आधी एक गोष्ट बघते: कोर्टात कोण आलंय? मैला वाहण्याविरुद्ध याचिका सफाई कर्मचारी आंदोलन या संघटनेची होती, म्हणजे त्याच कामात भरडलेल्या समाजाची. बारबंदीविरुद्ध बारबालांची युनियन उभी राहिली. फ्रान्समध्ये तो माणूस स्वतः आला होता. एकाच्या नावाने बंदी घालायची आणि तोच समोर उभा राहून 'नको' म्हणत असेल, तर सरकारवरचा पुराव्याचा बोजा फार जड असायला हवा.

संध्याकाळची बॅच

ताई, हे पटलं. पण दादांच्या गटारात उतरणाऱ्या माणसाला कोर्टापर्यंत यायची सोयच नसते. तो गप्प आहे म्हणजे राजी आहे, असं धरायचं का?

ठाण्याची वकील

अजिबात नाही. त्यासाठी १९८२ चा एशियाड कामगारांचा निकाल वाच. दिल्लीत आशियाई खेळांची बांधकामं चालू होती, मजुरांच्या हातात किमान वेतनही पडत नव्हतं. मजूर कोर्टात आले नव्हते, त्यांच्या वतीने एका संघटनेने पत्र लिहिलं आणि त्याचीच याचिका झाली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, उपाशी माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबतो ती सक्तीच आहे, वेठबिगारीला मनाई करणाऱ्या संविधानाच्या कलम २३ खाली. डोक्यावर काठी उगारलेली असायलाच हवी असं नाही.

पण त्या निकालाने बांधकाम बंद पाडलं नाही. मजुराला त्याचं पूर्ण वेतन मिळालं पाहिजे, असं सांगितलं. सक्ती दिसली की आधी सक्ती काढायची. कामच जीव घेणारं किंवा जातीने गळ्यात मारलेलं असेल तर ते बंद करायचं, आणि बंद करताना पर्यायी रोजगार त्याच कायद्यात लिहायचा. मैलासफाईवरच्या २०१३ च्या कायद्यात पुनर्वसनाचं कलम १३ आहे. ३३अ मध्ये तसं एक अक्षर नव्हतं.

युनियनवाला

कलम १३ कागदावर आहे खरं. आमच्याकडच्या कितीतरी जणांचं नाव अजून सर्वेक्षणाच्या यादीतच चढलेलं नाही, आणि यादीत नाव नाही तर पुनर्वसन नाही. संध्याकाळची बॅच, सनद मिळाली की आधी त्या यादीच्या मागे लागा. कागदपत्रं मी देतो.