डॅमेज्ड गुड्स : बिघडलेला माल, बिघडवलेला माल आणि माणसाला लावलेला बट्टा

प्रश्न

'डॅमेज्ड गुड्स' ही शब्दजोडी एकाच भाषांतराच्या कामात तीन ठिकाणी आली आहे : गोदामाच्या नोंदींत, अर्थशास्त्रावरच्या लेखात आणि एका कथेतल्या संवादात. तिन्हीकडे 'खराब माल' लिहिलं तर चालेल का? की वेगळे शब्द हवेत?

उत्तर १ : गोदाम आणि हिशेब

वेगळे हवेत, आणि गोदामाच्या नोंदींत तर एकानंही भागत नाही. 'खराब' म्हटल्यावर माल कशामुळे बिघडला आणि त्याचं पुढे काय होणार, हे दोन्ही झाकलं जातं. नोंदीत नेमकं तेच लागतं.

उत्पादनखर्चाच्या हिशेबात चार प्रकार मोजतात. सुकून, उडून, सांडून जे नाहीसं झालं आणि ज्याचं काहीच येत नाही, ती घट. वजनावर विकून थोडेफार पैसे येतात, ते भंगार. तयार होताना असा बिघडला की दुरुस्ती होणारच नाही, तो वाया गेलेला नग. आणि थोडी मजुरी, थोडं सामान घालून जो सरळ करता येतो, तो सदोष नग. इंग्रजी मजकुरात चौघांनाही सैलपणे 'डॅमेज्ड' म्हटलेलं सापडतं. भाषांतर करताना मागची-पुढची ओळ वाचून ठरवावं.

यातली नेहमीची चूक स्वाभाविक आणि असामान्य नुकसान एकत्र करण्याची. समजा १००० नग करायला घेतले, खर्च ९५,००० आला आणि या कामात ५ टक्के नग जाणारच हे ठाऊक आहे. तर तो खर्च ९५० चांगल्या नगांवर पडतो, म्हणजे नगाला १००. प्रत्यक्षात ९२० च चांगले निघाले, तर अपेक्षेपेक्षा जास्त गेलेल्या ३० नगांचे ३००० नफातोट्याच्या खात्यात जातात. ते चांगल्या नगांवर चढवले तर किंमत फुगते आणि यंत्रातला बिघाड कोणाच्या लक्षात येत नाही.

शिल्लक मालाची किंमत लावतानाही 'खराब आहे, निम्मी धरू' असं करत नाहीत. आलेला खर्च आणि विकून हातात पडणारी निव्वळ रक्कम, यांतली कमी असेल ती धरायची. खर्च १००, बिघडलेला नग ८० ला जाईल, पण त्याआधी दुरुस्ती आणि विक्रीला १५ लागतील : वहीत ६५, तोटा ३५.

उत्तर २ : वाहतूक आणि विमा

वाहतुकीच्या कागदांत 'नुकसान झालेला माल' लिहा, 'सदोष' लिहू नका. सदोष म्हणजे निघतानाच दोष होता, मग वाहतूकदार सुटतो. 'नुकसान झालेला' म्हणजे वाटेत काहीतरी झालं. एका विशेषणानं जबाबदारी इकडची तिकडे जाते.

जहाजावर माल चढवताना कप्तानाला तो वरून ठीक दिसला, तर बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल चढवल्याची जहाजाची पावती, 'क्लीन' (बिनशेऱ्याची) राहते. 'खोकी ओली', 'पिंपं गळकी' असा शेरा पडला की बँका पतपत्रावर (खरेदीदाराच्या वतीनं पैसे देण्याची बँकेची हमी) असं बिल सहसा घेत नाहीत. म्हणूनच शेरा टाळण्यासाठी कप्तानावर दबाव येतो. समुद्री वाहतुकीच्या हेग नियमांत दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना माल ताब्यात घेतानाच द्यायची असते, न दिसणाऱ्याची ३ दिवसांत, आणि दावा १ वर्षाच्या आत. विमानाच्या मालाला माँट्रियल करारानुसार सूचनेला १४ दिवस मिळतात. जहाजाच्या मालात सूचनेची मुदत चुकली तर दावा मरत नाही, पण माल चांगल्या स्थितीत पोचला असं गृहीत धरतात आणि उलट सिद्ध करण्याचं ओझं मालधन्यावर येतं. विमानाच्या मालात तशी सवलत नाही. तिथे १४ दिवस टळले की, वाहतूकदाराची लबाडी असेल तेवढं सोडून, दावाच उरत नाही.

विम्यात आणखी एक शब्द जपायचा, अंगभूत दोष. फळ आपोआप पिकून सडलं, कोळसा आतून तापून पेटला, तर माल गेला खरा, पण ते मालाच्या स्वभावानं झालं. नेहमीच्या विम्यात हे बसत नाही.

भरपाई काढायची रीतही सांगतो, कारण भाषांतरात 'ढोबळ' आणि 'निव्वळ' यांची अदलाबदल हमखास होते. पोचल्या ठिकाणी धड मालाची ढोबळ किंमत २००, नुकसान झालेल्याची १२०. घट ८०, म्हणजे ४० टक्के. विमा १५० चा असेल तर दावा ६०. आता भाडं आणि जकात मिळून ५० वजा करून निव्वळ किमती घेतल्या, तर १५० विरुद्ध ७० होतात, घट ५३ टक्क्यांवर जाते आणि दावा ८० होतो. बाजार निम्मा उतरला तर फरक आणखी उघडा पडतो. ढोबळ १०० आणि ६०, घट तीच ४० टक्के. निव्वळ मात्र ५० आणि १०, म्हणजे ८० टक्के! माल तेवढाच भिजलेला असताना बाजाराची मंदी विमेवाल्याच्या गळ्यात पडते. म्हणून हिशेब ढोबळ किमतीवरच.

उत्तर ३ : अर्थशास्त्र

इथे अर्थ पार उलटा होतो. अर्थशास्त्रात 'डॅमेज्ड गुड्स' म्हणजे उत्पादकानं स्वतः, जाणूनबुजून, बहुधा जादा खर्च करून कमी दर्जाचा केलेला धडधाकट माल. हे नाव १९९६ मध्ये रेमंड डेनेकेअर आणि प्रेस्टन मॅकअफी यांच्या शोधनिबंधानं रूढ केलं. त्यातली दोन उदाहरणं फार चांगली आहेत. आयबीएमचा 'लेझरप्रिंटर ई' हा मिनिटाला १० पानं छापणाऱ्या यंत्राचाच भाऊ, पण त्यात वेग ५ पानांवर आणणारी रखडपट्टी मुद्दाम घातलेली. संगणकाच्या चिपांत इंटेलचा १९९१ चा ४८६एसएक्स म्हणजे ४८६डीएक्सच, आतला गणिती भाग बंद केलेला. पुढे 'गणिती जोड' म्हणून विकलेला ४८७एसएक्स हा प्रत्यक्षात जवळजवळ पूर्ण डीएक्स होता. बसवला की जुन्या चिपला बाजूला सारून सगळं काम तोच करायचा.

मराठीत याला 'प्रत उतरवलेला माल' म्हणावं असं माझं मत आहे. बाजारात पहिल्या प्रतीचा, हलक्या प्रतीचा असं आपण म्हणतोच, आणि 'उतरवलेला' या प्रयोजक रूपात कर्ता आपोआप येतो. 'उतरलेला' लिहिलंत तर सगळा अर्थ गेला. 'हीनीकृत वस्तू' असं काही करू नये, वाचणारा अडखळतो.

प्रतिप्रश्न

पण खर्च करून माल बिघडवायचा आणि त्यात फायदा, हे कसं? आणि ग्राहकाचं त्यात नुकसानच ना?

उत्तर ३, पुढे

आकड्यांनीच बघू. गरजू गिऱ्हाईक १० : पूर्ण वस्तूला १०० पर्यंत देतील, प्रत उतरवलेलीला ४५. हौशी गिऱ्हाईक १० : पूर्णला ४०, उतरवलेलीला ३८. पूर्ण वस्तूचा खर्च २०, उतरवलेलीचा २१, कारण बिघडवायलाही काम लागतं.

एकच वस्तू विकायची तर १०० ला विकून १० × ८० = ८०० नफा, किंवा ४० ला सगळ्यांना विकून २० × २० = ४००. विक्रेता १०० च लावणार. हौशी लोक रिकाम्या हातानं परत. आता दोन वस्तू ठेवू, पूर्ण ९१ ला, उतरवलेली ३७ ला. गरजूला पूर्णमध्ये ९ वाचतात, उतरवलेलीत ८, म्हणून तो पूर्णच घेतो. हौशीला उतरवलेलीत १ वाचतो. नफा ७१० + १६० = ८७०. विक्रेता, गरजू, हौशी, तिघांचंही आधीपेक्षा भलं झालं. या विषयाचा गाभा हाच आहे, आणि पहिल्यांदा वाचताना तो पटत नाही.

पण आकडे जरा हलवले की चित्र बदलतं. हौशी १० ऐवजी ४० असतील, तर एकच वस्तू ४० ला सगळ्यांना विकणं (५० × २० = १०००) आधीच फायद्याचं होतं. तिथे प्रत उतरवली की नफा ७१० + ६४० = १३५० होतो, पण ४० ला मिळणारी वस्तू गरजूंना ९१ ला घ्यावी लागते आणि सगळ्यांचा मिळून लाभ १६०० वरून १४८० वर येतो. म्हणजे उत्तर एका प्रश्नावर अवलंबून : हलकी प्रत नसती, तर हौशीला वस्तू मिळाली असती की नसती?

हा डाव फसतो तेव्हा दोष बहुतेक चुकीची गोष्ट काढून घेण्यात असतो. उतरवलेली वस्तू गरजूला ४५ ऐवजी ७० ची वाटली, तर ३७ ला घेऊन त्याचे ३३ वाचतात. मग पूर्ण वस्तू ६७ च्या वर विकता येत नाही आणि नफा फार तर ४७० + १६० = ६३०, म्हणजे काहीच न करण्यापेक्षा वाईट. काढून घ्यायचं ते गरजूला खुपलं पाहिजे आणि हौशीला जाणवता कामा नये. दुसरा धोका कुलूप उघडण्याचा. प्रत सॉफ्टवेअरनं उतरवली असेल तर एका आज्ञेनं ती चढवताही येते. २०१७ मध्ये इर्मा वादळाच्या वेळी टेस्लानं फ्लोरिडातल्या काही गाड्यांच्या बॅटरीची कुलूपबंद क्षमता दुरूनच तात्पुरती खुली केली. मदत खरी होती, आणि ती क्षमता गाडीत आधीपासून होती हेही त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

कल्पना मात्र जुनी आहे. फ्रेंच अभियंता ज्यूल द्युप्वी यानं १८४९ मध्येच लिहून ठेवलं की रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर नसतं ते छपराच्या खर्चापायी नव्हे. दुसऱ्या वर्गाचं भाडं देऊ शकणाऱ्यानं तिसऱ्यात बसू नये म्हणून. फटका गरिबाला बसतो, धाक श्रीमंताला असतो. वर मी गणितानं 'सगळ्यांचं भलं' दाखवलं, त्याच्या शेजारी हा उघडा डबाही ठेवायला हवा.

उत्तर ४

एक भेद जोडतो. मुद्दाम खालावलेली प्रत्येक गोष्ट या व्याख्येत बसत नाही. जीपीएसचा नागरी संदेश मे २००० पर्यंत जाणूनबुजून अस्पष्ट ठेवला जात होता, पण कारण लष्करी होतं, किंमत लावण्याचं नव्हतं. तसंच 'लेमन' हा शब्द याच्याशी गल्लत करू नका. जॉर्ज अकरलॉफच्या १९७० च्या निबंधातली 'लेमन' म्हणजे आतून वाईट निघणारी गाडी. तिचा दोष विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. प्रत उतरवलेला माल उघडपणे हलका म्हणून विकलेला असतो. एकीकडे लपवाछपवी, दुसरीकडे जाहीर पाटी.

उत्तर ५ : माणसाबद्दल वापर

कथेतल्या संवादात 'खराब माल' अजिबात नको. मराठीत बाईला 'माल' म्हणणं ही आधीच शिवी आहे. त्यात 'खराब' जोडलं की मूळ वाक्यात नसलेला ओंगळपणा येतो.

इंग्रजीत हा शब्द माणसाला लावतात तेव्हा बोलणारा कोण, हे आधी पाहा. दुसरा कोणी एखाद्या बाईबद्दल म्हणत असेल, तर आपल्याकडे त्याच क्रूरपणाचे शब्द तयार आहेत : उष्टी, नासवलेली, टाकलेली. तिन्ही शब्दांकडे नीट बघा. उष्टावणारा, नासवणारा, टाकणारा दुसराच असतो आणि विशेषण मात्र तिच्या अंगावर राहतं. 'टाकलेला' असं पुरुषाबद्दल कोणी म्हणत नाही. पात्र दुष्टपणे बोलत असेल तर यांतला शब्द वापरावाच, सौम्य करू नये. पण निवेदकाच्या तोंडी कधीही घालू नये.

व्यक्ती स्वतःबद्दल बोलत असेल, तर नाम सोडून क्रियापद घ्या. 'आय ॲम डॅमेज्ड गुड्स' याचं 'मी बिघडलेला माल आहे' हे मराठीच नव्हे. 'माझ्यात काहीतरी मोडलंय', 'मी कुणाच्या कामाची राहिले नाही', 'आता मला कोण पत्करणार', असं माणूस बोलतो. तिसऱ्यात बाजाराचा वासही टिकतो, कारण 'पत्करणे' हा घेणाऱ्याच्या बाजूचा शब्द आहे.

'बट्टा' हा शब्दही हाताशी ठेवा. नाणं बदलताना कापली जाणारी रक्कम तो बट्टा, आणि नावाला लागतो तोही बट्टा. किंमत उतरणं आणि डाग पडणं एकाच शब्दात. 'खोट' तसाच : व्यापारात खोट आली म्हणजे तोटा, वस्तूत खोट म्हणजे दोष, मनात खोट म्हणजे कपट. मूळ लेखकानं दोन अर्थांवर श्लेष केला असेल तर या दोघांइतकं दुसरं काही कामाला येणार नाही.

उत्तर ६ : व्युत्पत्ती

या शब्दजोडीची एक जुनी नातेवाईक सगळ्यांच्या तोंडी आहे, 'ॲव्हरेज'. अरबीत 'अवार' म्हणजे वैगुण्य, 'अवारिया' म्हणजे नुकसान झालेला माल. भूमध्य समुद्रातल्या व्यापाऱ्यांकडून तो इटालियनमध्ये 'अवारिया', फ्रेंचमध्ये 'अव्हारी' झाला. जहाज वाचवायला काही माल समुद्रात टाकला, तर तोटा एकट्याचा न राहता सगळ्या मालधन्यांत त्यांच्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटला जायचा. या वाटणीवरून इंग्रजीत 'ॲव्हरेज' म्हणजे मध्यमान असा अर्थ आला. विम्यात मूळ अर्थ अजून जिवंत आहे. म्हणून 'जनरल ॲव्हरेज'चं 'सर्वसाधारण सरासरी' करणं ही घोडचूक. 'सामाईक नुकसान' लिहावं. आपली 'सरासरी' फारसीतून आली, तिचा समुद्राशी संबंध नाही.

याच 'अव्हारी'पासून फ्रेंचमध्ये 'अव्हारिये', म्हणजे बिघडलेले, नासलेले. यूजीन ब्रियोच्या १९०१ च्या नाटकाचं हे नाव, इंग्रजीत ते 'डॅमेज्ड गुड्स' झालं. विषय उपदंशाचा, आणि रोग घेऊन घरात येतो तो पुरुष. डॉक्टर थांबायला सांगत असताना तो लग्न करतो. फ्रेंच शब्द माणसांनाच लावलेला आहे, 'गुड्स' इंग्रजीत वाढले.

प्रश्नकर्ता

आभार. गोदामात 'नुकसान झालेला' किंवा 'सदोष', प्रसंग पाहून. लेखात 'प्रत उतरवलेला माल'. संवादात 'आता मला कोण पत्करणार'. एकच शंका राहिली : त्याच लेखात 'डॅमेजेस' असंही आहे, तिथे 'नुकसानी' लिहू?

उत्तर २

तिथे वाक्य बघा. कायद्याच्या मजकुरात अनेकवचनी 'डॅमेजेस' म्हणजे न्यायालयानं द्यायला लावलेली रक्कम, त्याला 'नुकसानभरपाई'. एकवचनी 'डॅमेज' म्हणजे नुकसान. 'वादीला नुकसानी मंजूर केली' असं छापून गेलं, तर न्यायालयानं त्याचंच नुकसान केलं असा अर्थ होतो.